झाकण बंद झालं पाहिजे

प्रियदर्शनीनं काँप्युटरचा डबा जठारपेठेतल्या दुकानाच्या काउंटरवर असा आदळला, की दुकानदार अमोलच्या हातातला चहा सांडला. परतवाड्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. संगं धाकटा भाऊ नागसेन, घामानं निथळलेला.

"याचं झाकण लावून दाखव."

अमोलनं नागसेनकडं पाहिलं. "काय झालं भाऊ?"

"त्याले काय इचारतं? मशीन माही आहे. मंगळवारी बी तू त्यालेच समजावून राहिला होता."

"मले तर याचं चालू कराचं बटन बी सापडत नाही," नागसेन म्हणाला.

बारा वर्षं झाली, ती लग्नाच्या फिल्मा जोडते. कोणत्या क्लासात गेली नाही. आधी कपडे शिवायची, त्याच टेबलावर काँप्युटर मांडला अन् पाहून पाहून शिकली. उन्हाळा हा तिचा हंगाम अन् मशीनचा काळ. यंदा तर फिल्म अर्ध्यात आली, की प्रोसेसर तापून मशीन धाडकन बंद. अचलपूरच्या नवरीची फिल्म उद्या द्यायची होती. नाही दिली, तर त्या घरच्या पुढच्या तीन लग्नांचं काम अमरावतीच्या स्टुडिओत जाणार होतं.

मंगळवारी तिनं माप लिहूनच आणलं होतं. प्रोसेसरपासून झाकणापर्यंत पंधरा सेंटीमीटर. अमोलनं चिठ्ठी वाचलीच नाही. नागसेनच्या खांद्यावर हात टाकून प्रोसेसरवर बसवायचा दोन पंख्यांचा, लायटीवाला कूलर गळ्यात मारला. तो निघाला सोळा सेंटीमीटर उंच, झाकणच लागेना.

अमोल आता हसला. "अवो ताई, झाकण उघडंच ठेवा ना. आपल्याकडं सारेच ठेवतेत. समोरून खोलीतला पाण्याचा कूलर सोडून द्याचा."

तिचं डोकंच सणकलं.

"मागच्या साली तेच केलं होतं. आमच्या बोअरचं पाणी खारं. त्या ओल्या हवेनं दोन महिन्यांत बोर्डावर पांढरा थर चढला अन् बोर्ड मेला. तवाची चूक माही होती. आताची तुही आहे. बुटके कूलर काढ!"

अमोलनं तीन खोके काढले. तिनं पर्समधला शिंप्याचा टेप काढून तिन्ही मोजले. साडेबारा सेंटीमीटरचा एक उचलला. एकच पंखा, जाड तांब्याच्या चार नळ्या, लाइट नाही.

"हा दिसाले काहीच नाही, ताई."

"मले काय त्याची वरात काढाची आहे? बसव."

अमोलनं प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, कूलर बसला, झाकण लागलं. तिनं नवरीची फिल्म बनायला लावली.

"आता एसी बंद कर."

"काहून?"

"माह्या खोलीत एसी नाही म्हणून!"

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. पाव तासात दुकानाची भट्टी झाली. एक गिऱ्हाईक शिव्या घालत निघून गेलं. कुणी काही बोललं, की ती डोळे वटारी. स्क्रीनवर प्रोसेसरचा पारा सत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी झाला. तिथंच अडला. तासाभरानं फिल्म पुरी झाली. मशीन एकदाही बंद पडली नाही.

अमोलचा शर्ट पाठीला चिकटला होता. "झालं ना भाऊ?" सवयीनं त्यानं नागसेनलाच विचारलं.

नागसेननं बहिणीकडं बोट केलं.

"झालं का, ताई?"

तिनं पेचकस मागून घेतला, झाकणाचा शेवटचा स्क्रू स्वतः आवळला अन् डबा उचलला.

"लाव तुहा एसी."

बसस्टँड येईस्तोवर ती बडबडतच होती. नागसेननं डबा धरायला हात पुढं केला, तर त्याच्या हातावरही एक चापट बसली.