कोपराच्या उंचीचं टेबल

तोरिका आत्याने डॉक्टर सेवुलोनीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि जमिनीपासून त्याच्या कोपरापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली.

"आत्या, शवपेटीचं माप घेतेस काय?"

"वाकून वाकून तिकडेच चाललायस. गप उभा राहा."

ती माझी सख्खी आत्या, पण सगळं हॉस्पिटल तिला आत्याच म्हणतं. एकोणीस वर्षं ऑपरेशनचं टेबल तीच लावते. मी तिथेच फरशी पुसते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलंय.

सेवुलोनी सहा फूट चार इंच. थोरले सर्जन रातू नेमानी जेमतेम पाच फूट तीन. रातू म्हणजे आमच्या बेटावरच्या सरदार घराण्यातले, म्हणून टेबल त्यांच्या मापाचं. समोरच्या बाजूने सेवुलोनी चार-चार तास मान मोडून वाकायचा. आमच्यात मोठ्यांसमोर वाकून असणं म्हणजे चांगलं वळण. त्यामुळे पोरगा दुखण्याने वाकडा होतोय हे कुणाला दिसलंच नाही. उलट नर्सा कौतुक करायच्या, किती नम्र आहे म्हणून!

आत्याला दिसलं. त्याच्या हातातून चिमटा पडला तेव्हा. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. तिला एकटीलाच तो म्हणाला, "असंच राहिलं तर वर्षअखेर ऑपरेशनं बंद." रातू पुढच्या साली निवृत्त होणार होते. मग इथे कुणाचं आतडं पिळलं की बोटीने राजधानीला, सुवाला न्यायचं, पोचला तर पोचला.

आत्याने वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी काय केलं? मलम दिलं. मलम!

सोमवारी पेशंटला भूल दिली. आत्याने सुतळी टेबलाला लावली आणि पेडल मारत टेबल गाठीपर्यंत चढवलं. ते रातूंच्या छातीशी आलं. मग तिने गुडघ्यावर बसून रातूंच्या पायाशी एक पायरी ठेवली.

"मी बुटका आहे म्हणतेस, तोरिका?"

"बुटके तर तुम्ही आहातच, रातू. पण तुम्ही खाली आणि हा ताडमाड वर, हे बरं दिसतं का? चढा."

भूल देणारी बाई मास्कमध्ये फिसकन हसली. रातू आत्याकडे बघत राहिले. मग चढले.

"दर अर्ध्या तासाने मी 'खांदे' म्हणेन," आत्या म्हणाली. "दोघांनी हत्यारं ठेवायची, मान वळवायची, खांदे फिरवायचे. एक मिनिट."

"आणि रक्त वाहत असेल तर?" सेवुलोनीने विचारलं.

"तर आधी रक्त थांबव. तेवढी अक्कल आहे मला."

याला चार वर्षं झाली. त्याची बोटं सुधारायला पाच महिने लागले, पण तो अजून इथेच ऑपरेशनं करतो. नवा डॉक्टर आला की आत्या आधी त्याचं कोपर मापते. काही जण हसतात. हसू देत. महिन्याभरात तेच विचारतात, "आत्या, माझी सुतळी कुठाय?"

मला वाटायचं, त्या दिवशी तिने नुसत्या जिभेच्या जोरावर रातूंना चढवलं. गेल्या महिन्यात बाबांनी सांगितलं. आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमधून ती बाबांना घेऊन सरळ रातूंच्या घरी गेली होती. बाबांनी यंगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळांची जुडी पुढे ठेवून रीतसर माफी मागितली. ती जुडी घेतली की माफी दिलीच, नंतर राग धरता येत नाही. रातूंनी विचारलं, कशाची माफी? बाबांनाही माहीत नव्हतं. आत्या म्हणाली, "चूक अजून केली नाही, उद्या सकाळी करणार आहे."

रातूंनी जुडी घेतली होती.