वारकेभाऊंनी मागितलेलं कुलूप

रविवार होता. सिल्वासाच्या बाजारात भाजी घेत असताना आमच्या फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "स्टोअरची चावी घेऊन लगेच सायलीला फॅक्टरीवर या," एवढंच म्हणाले. काय झालंय ते गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. "वारकेभाऊ गए, साहब." आमचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर सुधाकर वारके पॅनेलमध्ये काम करताना शॉक लागून गेले होते, आणि मला बोलावलं होतं ते चावीसाठी. याला आता दोन महिने होत आले...

वारके भुसावळकडचे, मी नाशिकचा. बारा वर्षं आम्ही एकाच कारखान्यात होतो, त्यांच्याकडे मेन्टेनन्स आणि माझ्याकडे स्टोअर. राहायलाही शेजारी. मी कॉमर्सचा माणूस, विजेतलं मला बटणापलीकडे काही कळत नसे. एकदा भिंतीतून लोंबणारी एक सुटी वायर मी बाजूला करायला गेलो. "काही चालूच नाही, करंट कुठला येणार?" असं म्हणालो, तर त्यांनी माझं मनगट धरून मागे ओढलं. पुढच्या सुट्टीला स्कूटरवर बसवून राखोलीच्या पुढे धरणावर घेऊन गेले. दरवाजे बंद होते. "पाणी वाहतंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "पण दरवाज्यावर जोर आहे ना? वाहतो तो करंट. हा नुसता उभा जोर म्हणजे व्होल्टेज. काही वाहत नसलं तरी तो असतो, भाऊ." मग वरच्या तारेवरचा कावळा दाखवला. त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर. आपला हात तारेला आणि पाय जमिनीवर, म्हणून आपण मरतो. "व्होल्टेज एका जागेचं नसतंच, तो दोन जागांमधला फरक असतो. कोणी इतके व्होल्ट म्हणालं की विचारायचं, कुठून कुठपर्यंत? मीटरला दोन वायरी त्यासाठीच असतात." इतक्या वर्षांत शाळेनं जे समजावलं नव्हतं ते त्यांनी एका दुपारी समजावलं.

आमच्या पॅनेलला वीज दोन बाजूंनी यायची, सरकारी लाइनवरून आणि जनरेटरवरून. एक बाजू बंद करून माणूस आत काम करत असला, तरी पलीकडच्या खोलीतून कोणीही जनरेटर सुरू करू शकत होतं. त्या स्विचला कुलूप हवं आणि काम होईपर्यंत त्याची चावी काम करणाऱ्याच्या खिशात हवी, एवढंच वारक्यांचं म्हणणं होतं. त्यांनी स्टोअरला तीनदा लेखी चिठ्ठी दिली. तिन्ही वेळा मी ती साहेबांपुढे ठेवली, तिन्ही वेळा "अर्जंट नाही, पुढे बघू" ऐकलं आणि चिठ्ठी फाइलला लावून टाकली. तिसऱ्यांदा मी हसत म्हणालो, "घरून आणा ना एखादं." ते हसले नाहीत. "मी घरून आणीन. पण उद्या माझ्या जागी येणाऱ्यानं काय करायचं?"

त्या रविवारी त्यांनी मेन बंद केली, मीटर लावून पाहिलं, शून्य आलं, मगच आत हात घातला. थोड्या वेळानं साहेबांना एक मशीन चालवून बघायचं होतं, त्यांनी जनरेटर सुरू करायला सांगितलं. ज्यानं सुरू केला त्या ऑपरेटरनंच मला हे रडत रडत सांगितलं. मी पोचलो तोवर वारक्यांना नेलं होतं. त्यांचं मीटर खाली पडलेलं होतं, चालूच. साहेब माझ्याबरोबर स्टोअरमध्ये आले आणि म्हणाले, "ती फाइल द्या." मी दिली. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या काढल्या, घडी घालून खिशात ठेवल्या. मी बघत उभा होतो...

अपघाताच्या रिपोर्टमध्ये आलं की वारक्यांनी न तपासता हात घातला, आणि कुलपाची लेखी मागणी कधी आलीच नव्हती. त्याखाली स्टोअरतर्फे माझी सही आहे. मुलीचं बारावीचं वर्ष, माझं वय, दुसरी नोकरी कोण देणार... कारणं माझ्याकडे तेव्हा होती, आजही आहेत. शोकसभेत साहेब म्हणाले, आमच्या कुटुंबातला माणूस गेला. पुढच्याच आठवड्यात लाल कुलपांचा अख्खा बॉक्स आला. ऑर्डर दिल्यापासून एका दिवसात. तो मीच उतरवून घेतला.

वारक्यांच्या पत्नी सुनंदावहिनी खोली सोडून भुसावळला निघाल्या, तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. गादीला दोरी आवळता आवळता त्यांनी विचारलं, "भाऊजी, यांनी कुलूप मागितलं होतं ना? जेवताना रोज तेच बोलायचे. साहेब म्हणतात, कधी मागितलंच नाही."

"मला नीट आठवत नाही, वहिनी."

 मग "बरं" म्हणाल्या आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी हे लिहितोय, ती भुसावळलाही जाते. हे छापून आल्यावर माझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत आहे. वहिनी, मागितलं होतं. तीनदा, लेखी. त्या चिठ्ठ्यांची फाइल मी माझ्या हातानं दिली. आणि त्यांनी तपासूनच हात घातला होता.