आवाजी मतदान

इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या जुन्या नगरभवनात फळ्यावरची खासदारांची सोनेरी नावं वाचत होतो. एकच आडनाव, पिढ्यान्‌पिढ्या. माझी नजर मात्र जाड लाकडी दारावरच्या खळग्यांवर अडली.

"दगडफेकीचे आहेत ते," म्हातारा रखवालदार म्हणाला. "गुप्त मतदान येण्याआधी चौथऱ्यावर चढून मत मोठ्यानं सांगावं लागे. माझ्या खापरपणजोबांनी या फळ्यावरच्या जमीनदार घराण्याच्या विरोधकाचं नाव घेतलं. पायऱ्या उतरेपर्यंत त्यांचा एक डोळा गेला होता."

आवाजी मतदान हा शब्द आपण किती सहज वापरतो! इथे तोंडातून नाव फुटलं की डोकं फुटायचं. आणि त्या फुटक्या डोक्यांपैकी एकाचंही नाव फळ्यावर नाही. संतापच आला.

"तुम्ही कुणाला मत देता?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं आधी ते दार लावलं. मग म्हणाला, "ते मी बायकोलाही सांगत नाही."