शिंक्यातली बाटली

हौसाबाईंचा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी उचलला नाही. निमगाव केतकीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, त्या शेजारीणबाई. चार वर्षं मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. चौथ्यांदा उचलला तो खडसावायलाच. "तात्या, आक्का गेल्या वो..." एवढंच त्या म्हणाल्या. बारामतीहून निघालो तरी डोक्यात एकच घोळत होतं, ही बाई इतक्या सकाळी आक्काच्या घरात काय करत होती? सहा महिने झाले, त्या विचाराची लाज जात नाही.

नोकरीभर मी विजेचे मीटर तपासले. सील हललेलं दिसलं की माणूस चोर, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आक्का म्हणायची, "शिवा, तू द्येवाच्या समईलाबी वायर शोधशील."

चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला साडीबरोबर मी तिला घरच्या मनी प्लांटचा वेल काचेच्या बाटलीत घालून दिला. तिनं तो हौसेनं खिडकीत ठेवला. चार दिवसांनी तिची मांजर, चिंगी, लाळ गाळायला लागली, ओकली, दुधाला तोंड लावेना. एकट्या आक्काचा सगळा जीव त्या मांजरात. मी धावत गेलो आणि तपासच सुरू केला. चिंगीनं आदल्या दिवशी हौसाबाईंचं दूध सांडलं होतं, त्यांच्या ओसरीत उंदराच्या औषधाची पुडी होती. झालं! भर अंगणात मी त्यांच्यावर विष घातल्याचा आळ घेतला. "लेकरांची आन, म्या काय बी घातलं न्हाय," त्या रडत राहिल्या. आक्का वेलाचं कुरतडलेलं पान हातात घेऊन उभी होती. ते पान मी पाहिलं होतं. पुरावा मात्र पुडीलाच मानला.

पुढं चिंगी बरी झाली. कशानं, ते आक्का बोलली नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी ओसरीवरूनच परतायचो; तेराव्याला तिच्या स्वयंपाकघरात शिंकं दिसलं. आमच्या आईच्या वेळचं, मांजरापासून दही राखायचं. आता त्यात माझी बाटली होती. वेल वरच्या वर खिळ्यांवरून फिरवलेला, एक पान खाली येऊ दिलं नव्हतं.

"हे काय?" हौसाबाईंना मी सवयीनं दरडावूनच विचारलं.

"आक्कांनी त्ये पान इंदापुरात जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं व्हतं. ह्यानं मांजराच्या तोंडाची आग हुतीया, पुन्ना चावू दिऊ नका म्हणाले."

"मग मला का..."

"भावाला सोसायचं न्हाय म्हणल्या. त्यांनीच माझं पाय धरलं वो. आन् भाऊबीजेचं हाय, टाकू कसं म्हणायच्या."

मोठी असून पाय धरले तिनं... माझ्यापायी. आणि ज्यांना मी विष घालणारी म्हणालो, त्या रोज सकाळी तिचं दार वाजवून ती उठली का बघत होत्या. मी हात जोडले. हौसाबाईंनी चहा टाकला.

चिंगी आता जेवते हौसाबाईंकडं, झोपायला मात्र आक्काच्याच स्वयंपाकघरात येते. दर रविवारी मी जातो, बाटलीतलं पाणी बदलतो, शिंकं पुन्हा टांगतो, गाठ दोनदा ओढून पाहतो. पण गाठ मीच बांधलेली असते, आणि तपासही माझाच. म्हणून मग हौसाबाईंना हाक मारतो, त्या एकदा ओढून बघतात, आणि मगच दार लोटून घेतो.