सकाळी उठून काय करता?

सरकारी वकील राऊत मॅडम मार खाल्लेल्या माणसाची जखम कधी आधी बघत नसत. माणूस शर्टाची बटणं काढायला लागला की त्या हातानंच थांबवत आणि विचारत, "ते राहू दे. सकाळी उठून काय करता?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं लक्ष ठिकाणावर नाही. मी पालघर कोर्टातला पैरवीचा हवालदार. म्हणजे साक्षीदारांना समन्स पोचवायचं, तारखेला धरून आणायचं आणि पुढची तारीख पडली की त्यांची बोलणी खायची. मी न राहवून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जखम डॉक्टरांनी बघितलीय. मला याचा दिवस बघायचाय."

हळूहळू उमगलं. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे कायद्यानं बांधून ठेवलंय. डोळा गेला, कान गेला, हाड मोडलं, दात पडला, चेहरा कायमचा बिघडला, तर गंभीर. यातलं काहीच नसेल तर एक शेवटची वाट उरते: वीस दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत, हे दाखवायचं. माणसाची पाठ काळीनिळी होऊ दे, पण ही वाट सापडली नाही तर दुखापत साधी. "कायद्याला हाड लगेच कळतं, दुखणं कळायला वेळ लागतो," असं मॅडम म्हणत, आणि टेबलावरच्या फायलींकडे बघून पुढे म्हणत, "दमले रे. पण बघ, पुकारा झाला का?"

बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार पडलेला दात कागदात बांधून घेऊन आला होता. दात म्हणजे केस पक्की. मॅडम खूश होणार, इतक्यात तो पठ्ठ्या म्हणाला, "मॅडम, दाँत तो पहले से हिल रहा था." मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! आता मला सांगितलंस ना, मग आत शपथेवरही हेच सांगायचं." त्यानं सांगितलं आणि केस आडवी झाली. मी कुरकुरलो तर म्हणाल्या, "त्याला मार बसला हे खरंच आहे. पण मला खोटा दात लावून केस चालवायची नाही."

सगळ्यात जास्त त्या झिजल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या हिराबाईंसाठी. बोंबील वाळत घालायच्या जागेवरून भांडण झालं आणि शेजाऱ्यानं त्यांच्या उजव्या खांद्यावर वल्हं घातलं. हाड मोडलं नाही, पण हात वर जाईना. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. हिराबाई म्हणाल्या, "सकाली उठून मासली घ्याची, पाटी डोक्यावं घ्याची, बाजारान जायाचं, कापून द्याची. आता ह्या हातान काय व्हते? केस पन मला सून इंचरते."

केस वर्षानुवर्षं रेंगाळली. मधे नवा कायदा आला, वीस दिवसांचे पंधरा झाले. पण घटना जुनी, म्हणून या खटल्यासाठी वीसच. शेवटी साक्ष झाली आणि आरोपीच्या वकिलानं एक फोटो पुढे केला. मार बसल्यावर आठवड्याच्या आतच हिराबाई बोईसरच्या बाजारात, पुढ्यात पापलेटं.

"या तुम्हीच ना?"

"मीच हाय."

"म्हणजे धंदा चालूच होता!"

कोर्टात हसू फुटलं. मॅडम सावकाश उठल्या. "पाटी कोणी आणली होती?"

"सुनेनं."

"मासळी कोण कापत होतं?"

"तीच."

"मग तुम्ही कशाला गेलात?"

हिराबाई चिडल्याच. "नाय बसली तं माजी जागा दुसरी घेल! ती जागा माज्या आयची हाय. सुनेला कोन वलखते तिकडे? म्हून बसली. नुसती बसली."

युक्तिवादाच्या तारखेआधी मॅडमचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दुसरे वकील उभे राहायला तयार होते. पण मॅडम रिक्षानं आल्या, जिना चढताना दोनदा कठड्याला टेकल्या. जजसाहेबांनी त्यांना बसून बोलायची परवानगी दिली. त्या म्हणाल्या, "नुसतं वीस दिवस दवाखान्यात पडून राहिलं म्हणजे दुखापत गंभीर ठरत नाही, कामं करता येत नव्हती हे दाखवावं लागतं, असं वरच्या कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. मग बाजारात नुसतं बसलं, म्हणून ती साधी कशी ठरेल? या बाईला आजारी पडायलासुद्धा बाजारातच जाऊन बसावं लागतं." आवाज अगदी बारीक झाला होता. मागे बाकावर हिराबाई डावा हात मांडीवर आवळून ऐकत होत्या.

निकाल लागला तेव्हा मॅडम नव्हत्या. त्याच दुखण्यात दोन आठवडे आधी त्या गेल्या होत्या. माझ्या नोकरीत मी पुष्कळ माणसं आली-गेली बघितली, पण त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना मला खरंच रडू आलं.

हिराबाईंना सांगायला मी स्वतः दांडीला गेलो. "मावशी, कोर्टानं मानलं. गंभीर दुखापत. त्याला शिक्षा झाली."

त्यांनी मान हलवली. "बाय नाय आली तुज्याबरोबर?"

मी सांगितलं. त्यांनी वाळत घातलेला एक घसरलेला बोंबील डाव्या हातानं सारखा केला. "त्या दिशी ती बसून बोलत व्हती. दुखत व्हतं तिला. मला दिसत व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सगल्यांना इचारायची ती. तिला कदी कोनी इचारलं का रं, सकाली उठून काय करते म्हून?"

इतकी वर्षं रोज त्यांच्या समोर उभा राहणारा मीच होतो. मी काही विचारलं नव्हतं.