रविवारचे आकडे

आमच्या घरात मराठी ही देवापुढची आणि गुपिताची भाषा. बाकी सगळं कन्नडमध्ये चालतं. आमचे लोक इकडे कर्नाटकात किती पिढ्यांपूर्वी आले हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण साडीच्या दुकानात "पदर बरा नाही, ऊठ" म्हणायचं ते मराठीत आणि रिक्षात बसून रिक्षावाल्याबद्दल कुरकुरायचं तेही मराठीत, ही शिस्त आईने लहानपणीच लावली. बाहेरच्याला कळत नाही, हे तिने गृहीत धरलेलं. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं.

आई बेंगळुरूजवळ होसकोट्याला एकटी राहते. वडील गेल्यावर मी तिला बेंगळुरूत माझ्या फ्लॅटवर आणलं, पण आठवड्याभरातच ती परत गेली. तिथे तिची तुळस आहे, दारातली रांगोळी आहे, भिंतीपलीकडून हाक मारणारी शेजारीण आहे. मधुमेह जुनाच. मी दर रविवारी जायचो, बोटाला सुई टोचून साखर तपासायचो आणि आकडा मोबाइलमधल्या तक्त्यात भरायचो. मी हिशेब तपासणीच्या नोकरीत आहे. आकडे नीट असले की मला स्वस्थ वाटतं, आणि ते नीट होते.

मग एका शुक्रवारी दुपारी शेजारणीचा फोन आला. आई अंगणात पडली होती. घामाने भिजलेली, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. शेजारणीने साखरपाणी दिल्यावर ती सावरली. हाड मोडलं नव्हतं, कपाळावर टेंगूळ तेवढं आलं होतं. पण तिथे पोचताच मी मनाशी ठरवून टाकलं, की आता हिला एकटीला ठेवायचं नाही.

तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. "डॉक्टरला विचारू," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले तर येईन. तू म्हणतोस म्हणून नाही."

आधीचे डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, कारण फाइल माझ्या हातात असायची. आई कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलते, पण तिला कोणी काही विचारतच नसे. या वेळी डॉक्टर नवी होती, चाळिशीतली. तिने माझी फाइल घेऊन बाजूला ठेवली, खुर्ची आईकडे वळवली आणि कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच आईने माझी बाही ओढली आणि मराठीत पुटपुटली, "उपासाचं सांगू नको रे हिला. शुक्रवार सोडायला लावील. आणि तू मला घरातून उचलशील."

"कुठला उपास?" मीही मराठीतच विचारलं.

"देवीचा. दिवे लागेपर्यंत काही घेत नाही मी."

"आणि सकाळची गोळी?"

"ती घेते की! घोटभर पाण्याबरोबर. गोळी चुकवायची नाही म्हणून तूच ओरडतोस ना? औषधाचं देवी मनावर घेत नाही."

डॉक्टर काहीतरी लिहीत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आजी, देवी माफ करंल ओ. साखर न्हाई करत."

आईने माझी बाही सोडली.

"तुम्हाला मराठी येतं?"

"मी निपाणीची. घरात कन्नड, बाजारात मराठी."

"मग आधी सांगायचं नाही?"

"आधी सांगितलं असतं तर तुमचा शुक्रवार मला कळला असता का?"

आई हसली. मला मात्र हसू आलं नाही. मी मोबाइल काढून तक्ता दाखवला. डॉक्टरने तो नीट वाचला आणि विचारलं, "ह्यात शुक्रवार कुठंय?" नव्हताच. माझे सगळे आकडे रविवारचे होते.

मग डॉक्टरने आईला समजावलं, मला नव्हे. ही गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसलं तरी ओढतच राहते. तिने गोळी बदलून दिली, आणि उपासाच्या दिवशी ती सकाळी न घेता संध्याकाळी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. "उपास सोडा म्हणत नाही मी. नुसतं उपाशी राहणं सोडा. दूध दोनदा, बरोबर फळ."

"दूध एकदा," आई म्हणाली.

"दोनदा."

"सरी, दोनदा. पण फळ माझ्या मर्जीचं."

"तुमच्या मर्जीचं. आता मी काय काय सांगितलं ते मला सांगा."

मी सुरुवात केली, "शुक्रवारी सकाळची गोळी..."

"तुम्ही नव्हे."

आई बोलू लागली. कन्नडमध्ये सुरू केलं आणि मध्येच मराठीत शिरली. घाम आला, हात कापू लागला, की आधी साखर तोंडात आणि मग फोन. एक जागा चुकली ती डॉक्टरने दुरुस्त केली आणि पुन्हा सगळं म्हणायला लावलं. बाहेर रांग होती, तरी लावलं. शेवटी आईने मुद्द्याला हात घातला. "एकटी राहू का?"

"शेजारणीला हे सगळं सांगून ठेवाल?"

"आजच."

"मग राहा. पुढच्या वेळी बघू."

त्या बाईंचे आभार मी निघताना इंग्रजीत मानले. ते अपुरे होते, म्हणून इथे पुन्हा मानतो. पुढच्या तपासणीला आई एकटीच आत गेली, फाइल घेऊन. मी बाहेर बसलो. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "राहा म्हणाली."

साखर मोजायचं यंत्र आता तिच्याकडेच असतं. ती सुई स्वतः टोचते आणि दर शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात असताना तिचा फोन येतो. माझ्या आजूबाजूच्या टेबलांवर सगळे कन्नड बोलणारे, म्हणून मी मराठीत विचारतो, "किती?"

"एकशे अठरा. दूध झालं, केळं झालं. गोळी रात्रीला. आणि हळू बोल, तुझ्या ऑफिसात कोण निपाणीचं असेल सांगता येत नाही."