उसना हशा

आमचे अप्पा हसत नाहीत, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. रागीट नव्हते, खडूस तर मुळीच नव्हते, पण हसणं हे खातं घरात आईकडे होतं. आई हसायला लागली की भिंतीपलीकडून शेजारच्या काकू ओरडून विचारायच्या, "काय झालं गं, आम्हालाही सांग की." आणि अप्पा समोर बसून शांतपणे भाकरी मोडत असायचे.

अप्पा सांगलीला बँकेत होते आणि बँकेच्या नाटक मंडळात प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड एका स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, चालू ओळीवर बोट. कुणाचं वाक्य अडलं की पुढचा शब्द हळूच सोडायचा. त्याहून मोठं काम हशाचं. प्रेक्षक हसले की नटानं थांबायचं असतं. हशा ओसरायच्या आधी पुढचं वाक्य टाकलं तर ते कुणाला ऐकूच येत नाही. कुठे थांबायचं त्याच्या पेन्सिलीच्या खुणा अप्पांच्या वहीत असायच्या. आणि प्रॉम्प्टरनं स्वतः हसायचं नाही, कारण जवळचा माईक ते पकडतो. सगळं नाट्यगृह पोट धरून हसत असताना ज्यानं पंचवीस वर्षं ओळीवरचं बोट हलू दिलं नाही, तो घरी येऊन काय हसणार, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

गेल्या वर्षी आई गेली. सप्टेंबरात मी अप्पांना माझ्याकडे कॅनडात नॉर्थ यॉर्कला घेऊन आले. सतराव्या मजल्यावर एका बेडरूमचा कॉन्डो, मी एकटीच राहते, सॉफ्टवेअरची नोकरी, बहुतेक दिवस घरूनच काम. अप्पांचं परतीचं तिकीट मार्चअखेरचं काढलं होतं. हिवाळा इथे निघेल, तोवर सांगलीच्या त्या रिकाम्या फ्लॅटची धग जरा कमी होईल, असा माझा हिशेब.

मी तशी हट्टी. एकदा मनात घेतलं की समोरच्याला नको नको करून सोडते. अप्पांना हसवायचं, असं मी ठरवलं. संध्याकाळी साडेसातला ताटं वाढून टीव्हीसमोर बसायचं आणि विनोदी मालिका लावायची, लहान मुलाला काढा पाजतात तशी, रोज एक भाग. पहिल्या दिवशी माझी सगळ्यात लाडकी लावली. जुनी, अमेरिकन, एकाच इमारतीतल्या पाच-सहा भाडेकरूंची, दर दोन वाक्यांनी मागून हशा येणारी. मला ती पाठ आहे आणि तरी मी हसते, आईसारखी, मोठ्यानं, घास तोंडात असताना. अप्पांनी दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हे मागे हसतायत ते कोण?"

"प्रेक्षक. रेकॉर्ड केलेले असतात काही वेळा."

"म्हणजे उसना हशा," अप्पा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

मला राग आला. आपली आवडती भाजी कुणी ताटात बाजूला सारावी तसंच वाटलं. म्हटलं, मग तुम्हीच निवडा. तर अप्पांनी निवडून निवडून काय निवडावं? इथली एक कॅनडियन मालिका, बर्फाळ गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाची. मागे हशा नाही, संगीत नाही. गिऱ्हाईक एक स्क्रू मागतं. दुकानदार तीन मिनिटं खोके उपसतो. स्क्रू देतो. गिऱ्हाईक म्हणतं, हा नव्हे. झालं, पुढचा प्रसंग.

"अप्पा, ह्यात हसायचं कुठे?"

"ऐक की."

"काय ऐकू? कुणी बोलतच नाहीये."

"तेच तर." आणि चेहरा असा, की शोकसभेला बसलेत.

शेवटी तह झाला. एक दिवस त्यांची, एक दिवस माझी. त्यांच्या दिवशी मी फोन बघत बसायची आणि भाग संपायच्या आत डुलक्या काढायची. माझ्या दिवशी अप्पा टीव्हीकडे बघायचेच नाहीत. मान जरा तिरकी करून ताटाकडे बघत जेवायचे. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांचा चेहरा तपासायची. हसले का? ओठ तरी हलला का? छे. मग मी आणखी मोठ्यानं हसायची, की निदान माझं बघून तरी येईल.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. अप्पांचं मॉलमधलं फिरणं बंद झालं, ते आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. एके दिवशी दुपारी मी मीटिंग संपवून बाहेर आले तर म्हणाले, "जानेवारीतलं तिकीट मिळतंय का बघतेस का? जातो मी आता."

माझं डोकंच फिरलं. "जाऊन करणार काय तिथे? एकटे टीव्हीसमोर बसून जेवणार?"

"तू इतकी वर्षं काय करत होतीस?" अप्पा म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

मग मी सांगितलं, आणि मला शांतपणे सांगता येत नाही, तेव्हा भांडल्यासारखंच सांगितलं. की मी शिकायला आले तेव्हा स्कारबरोला एका बेसमेंटमध्ये राहत होते. खिडकी छताला लागून, तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसायचे. सकाळी कॉलेज, दुपारी ग्रोसरीच्या दुकानात काम, आणि परत आल्यावर त्या खोलीत माझ्याशी मराठीत सोडाच, कुठल्याच भाषेत बोलायला कुणी नसायचं. पहिल्या हिवाळ्यात मी फोनवर तुम्हाला म्हणायची, मजेत आहे. आणि फोन ठेवला की लॅपटॉपवर ही मालिका लावून जेवायला बसायची. गोष्ट कळायची नाही मला सुरुवातीला, त्यांचं इंग्रजी भराभर जायचं. पण मागे माणसं हसायची. खोलीत पन्नास-शंभर माणसं हसतायत आणि मी वरणभात खातेय. ते लोक कोण होते देव जाणे, त्यांतले अर्धे आता हयातही नसतील, पण त्यांच्या जिवावर मी तो हिवाळा काढला. "आणि तुम्ही म्हणता उसना हशा. होता उसना. मला त्या वेळी दुसरीकडून कोण देणार होतं?"

अप्पांनी उठून सकाळची भांडी विसळली, जी मी आधीच विसळली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वार त्यांचा होता. मी हार्डवेअरचं दुकान लावायला गेले तर म्हणाले, "तुझी लाव." लावली. पहिल्यांदा हसायची जागा आली तेव्हा मी गप्प बसले, कालचं मनात होतं. दुसऱ्यांदा मात्र राहवलं नाही. अप्पांनी रिमोट घेऊन टीव्ही थांबवला, जे त्यांना येतं हेही मला माहीत नव्हतं.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "नाट्यगृहात सगळे एकदम हसत नाहीत कधी. एक माणूस आधी हसतं. बाकीचे त्याच्या मागून येतात. ह्या तुझ्या मालिकेत तसं नाही, सगळे एका दमात सुरू होतात, म्हणून माझ्या कानाला ते खोटं लागतं. आमच्याकडे आधी हसणारी तुझी आई होती."

मला वाटायचं, वहीतल्या त्या खुणा तालमीत ठरत असतील. तसं नव्हतं. नवीन नाटक आलं की अप्पा ते घरी आणायचे. आई मेथी निवडायला बसायची आणि अप्पा तिला सबंध नाटक वाचून दाखवायचे, सपाट आवाजात, जराही रंगवून न सांगता. जिथे ती हसेल तिथे पेन्सिलीची खूण. दिग्दर्शकाला वाटायचं, अप्पांचा अंदाज काय जबरदस्त आहे. प्रयोगाला आई तिसऱ्या रांगेत कडेला बसायची, आणि पडद्याआडून अप्पांना रंगमंच अर्धाच दिसायचा, प्रेक्षक तर दिसतच नसत, पण तिचं हसू ओळखू यायचं. इतरांच्या आधी अर्धा क्षण.

"तू तसंच हसतेस," अप्पा म्हणाले. "त्या रेकॉर्ड केलेल्या लोकांच्या आधी. हुबेहूब. रोज साडेसातला ती हसते, आणि मी मान वळवली की तू असतेस. म्हणून जातो म्हटलं. तुझ्यावर राग नाही."

मला रडू आलं. इतके दिवस मी ज्याला औषध समजून पाजत होते, तेच त्यांना टोचत होतं, आणि ते बिचारे मान तिरकी करून मुकाट्यानं जेवत होते. मी म्हटलं, "मला काय माहीत, अप्पा. बंद करते. परत नाही लावत."

"नको." त्यांनी रिमोट माझ्यापुढे सरकवला. "तिकडे गेलो की तेही ऐकू येणार नाही. तिकीट राहू दे मार्चचं. लाव पुढे."

मी लावली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला नीट हसताच आलं नाही. आपलं हसू कुणी ऐकतंय म्हटल्यावर ते येत नाही. दोन-तीन दिवस गेले, मग आपोआप यायला लागलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. अप्पांनी उरलेला हिवाळा माझ्या मालिकेला एकदाही नावं ठेवली नाहीत, आणि मी त्यांच्या दुकानदाराच्या वेळी जागं राहायला शिकले. त्यांची आवड मला पटली असं नाही. पण तो माणूस खोके उपसतो तेव्हा अप्पा श्वास रोखून बसतात, एवढं मला दिसायला लागलं.

मार्चअखेर अप्पा गेले. एअरपोर्टवर मी रडले, ते म्हणाले, "पोचलो की फोन करतो," आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीला हिंदीत आपलं नाव सांगायला लागले.

आता माझ्याकडे सकाळचे साडेदहा झाले की सांगलीत रात्रीचे आठ वाजतात. ते जेवायला बसतात, मी कॉफी घेऊन बसते. व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर उभा ठेवते, मागचा कॅमेरा टीव्हीकडे करून. त्यांच्या बाजूला फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला असतो, त्यामुळे मला त्यांचा अर्धा चेहरा आणि पंख्याचं एक पातं दिसतं. एक दिवस माझी, एक दिवस त्यांची, तह अजून चालू आहे. ह्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी मी कामावर मीटिंग घेत नाही, साहेबानं घातली तर कुरकुर करून हलवून घेते. इतकी वर्षं मी अनोळखी लोकांचं हसणं ऐकत जेवले, आता माझ्या हसण्यावर कुणाचं जेवण होतं, ह्याचं मला फार मोल वाटतं.

गेल्या आठवड्यात वार त्यांचा होता. एप्रिल असूनही बाहेर बर्फ पडत होता, दुकानातही पडत होता. दुकानदारानं सकाळपासून फावड्यानं बर्फ उपसून दारासमोरची वाट मोकळी केली, आत जाऊन चहा ओतला, आणि बाहेर गावाचा रस्ते साफ करणारा ट्रक येऊन सगळा बर्फ परत त्याच्या दारात लोटून गेला. तो काचेतून बघत राहिला. बोलला काहीच नाही. हातातला चहा त्यानं हळूच परत किटलीत ओतला.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. आधी मला वाटलं, अप्पांना ठसका लागला, पाणी प्या म्हणणार होते. बरणी हलली, फोन आडवा झाला, मला नुसतं छत दिसायला लागलं, आणि आवाज थांबेना. बारीक, चिरका, न वापरलेला. त्रेचाळीस वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. टीव्हीवर कुणीच हसत नव्हतं. अप्पा आधी हसले होते, आणि त्यांच्या मागून मी.